रात्री देवाला काही मागायचं नाही

आमच्या घरी निजायच्या वेळेचा नियम सासूबाईंनी घालून दिलेला. "रातच्याले देवाले काही मांगू नये. त्यालेबी निजू दे जरासं." त्या गेल्या, नियम राहिला. पोराची नोकरी, कापसाचा भाव, गुडघेदुखी, सगळं मागणं सकाळच्या पूजेत. रात्री दोनच कामं. दिवसभरात जे चुकलंमाकलं ते देवापुढं ठेवायचं, आणि भेव वाटत असेल तर पाच नावं घ्यायची.

आधी पाय धुवायचे. वावरातली माती घेऊन अंथरुणात शिरलं की वाकळ खराब होते आणि अंगही खाजतं. धुतल्यावर कोरडे पुसायचे. पाण्याचा गडवा झाकून उशाशी ठेवायचा, म्हणजे मधे उठावं लागत नाही. मग बाजेवर ताठ बसायचं. आडवं होऊन म्हणायला लागलं तर दुसऱ्या ओळीतच डोळा लागतो. पाठ झाल्यावर ते चालेल, शिकताना नाही. डोकं उत्तरेला करून निजू नये, पूर्वेला किंवा दक्षिणेला करावं म्हणतात. आम्ही पाळतो, पण मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की बाजा अंगणात येतात, आणि तेव्हा वारा जिकडून येईल तिकडे डोकं.

पहिला श्लोक महादेवाचा:

करचरणकृतं वाक्‌कायजं कर्मजं वा
श्रवणनयनजं वा मानसं वापराधम् ।
विहितमविहितं वा सर्वमेतत्क्षमस्व
जय जय करुणाब्धे श्रीमहादेव शंभो ॥

हातापायांनी, वाचेनं, शरीरानं, कामातून, कानाडोळ्यांनी किंवा मनानं घडलेला अपराध, नेमून दिलेलं करताना झालेला किंवा नको ते करताना झालेला, सगळा पोटात घाल, एवढंच त्यात आहे. प्रत्येक ओळीत पंधरा अक्षरं. आठ झाली की थांबायचं, मग उरलेली सात. "श्रवणनयनजं वा", थांबा, "मानसं वापराधम्". थांबलं की श्वास आपसूक लांब होतो. घाईनं म्हणणाऱ्यांची तक्रार असते की म्हणूनही झोप येत नाही. येणार कशी, ते तर एसटी सुटल्यासारखं पळत असतात.

नुसतं पाठ म्हणू नका, एकेका शब्दावर दिवस आठवा. माझी गाडी बहुतेक "वाक्" वरच अडते. मागच्या वेचणीला एका बाईचा कापूस काट्यावर अर्धा किलो कमी भरला असं म्हणून मी तिला चार जणींसमोर बोलले. रात्री त्या शब्दाशी आले आणि पुढची ओळच आठवेना. नंतर डोक्यात आलं, गाठोडं बांधायच्या फडक्याचं वजन मी दोनदा वजा केलं होतं. सकाळी तिच्या घरी जाऊन अर्ध्या किलोचे पैसे दिले. ती काही बोलली नाही, चहा मात्र ठेवला.

दुसरा श्लोक वाईट स्वप्नांसाठी, लेकरांना हाच आधी शिकवावा:

रामं स्कन्दं हनूमन्तं वैनतेयं वृकोदरम् ।
शयने यः स्मरेन्नित्यं दुःस्वप्नस्तस्य नश्यति ॥

राम, कार्तिकेय, हनुमान, गरुड आणि भीम यांना निजताना जो रोज आठवतो त्याची वाईट स्वप्नं जातात. माझा नातू पुण्याहून उन्हाळ्यात आला होता. अंगणात निजायचं म्हटलं की त्याला बाभळीवरचं घुबड ऐकू यायचं आणि तो माझी कूस सोडायचा नाही. त्याला संस्कृत दिलं नाही, आधी माणसं दिली. वैनतेय म्हणजे विनतेचा पोरगा, गरुड, सापांचा वैरी. वृकोदर म्हणजे ज्याचं पोट लांडग्यासारखं, कितीही घाला भरतच नाही. "म्हणजे भीम आपल्याकडे आला तर किती भाकरी लागतील?" हिशेब साठपर्यंत गेला, मग पीठ कोण दळणार यावर आला, आणि घुबड राहिलं बाजूला. चार दिवसांत श्लोक पाठ. "वृकोदरम्" चं "व्रुकोधरम्" व्हायचं, मी दुरुस्त केलं नाही.

मोबाइलवर लावून ऐकायचं असेल तर ऐका, मला जमलं नाही. स्तोत्र संपलं आणि लगेच ठिबकच्या नळ्यांची जाहिरात एवढ्या मोठ्यानं वाजली की शेजारचं कुत्रं उठलं.

अंघोळ राहिली, सुतक आहे, म्हणून नाव घेणं सोडू नये. नावाला काही आडकाठी नाही. पण महिना महिना डोळ्याला डोळा लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा. श्लोक वाढवून ते जात नाही.

आमच्या ह्यांचं वेगळंच. हरभऱ्याच्या ओलिताला विजेची लाइन रात्री असली की बॅटरी घेऊन बाराला वावरात जातात. वाटेत जनावर, म्हणजे साप, निघू नये म्हणून आस्तिक ऋषींचं नाव घेतात, जनमेजयाचा सर्पयज्ञ ज्यांनी थांबवला त्यांचं. घ्यावं. पण गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मी स्वतः दारात आणून ठेवते, आणि ते घातल्याशिवाय कडी काढत नाही. परत आले की पाय धुतात, बाजेवर बसतात आणि शेगावच्या महाराजांचं "गण गण गणात बोते" सुरू करतात. चारदा ऐकलंय मी. पाचवं कधी आलंच नाही.