मलमलीच्या ओढणीवरचे गंजाचे डाग असे गेले

लोखंडी तारेवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सुती मलमलीवर तपकिरी-पिवळट ठिपके पडले. साबणाने ते हलले नाहीत, क्लोरीनच्या ब्लीचने उलट गडद झाले. जीव अगदी मेटाकुटीला आला.

गेले ते लिंबाने. आधी ब्लीचचा अंशही राहणार नाही इतकी ओढणी खळबळून घेतली, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू होतो. ओल्या डागाखाली पांढरा पंचा ठेवला, वर गाळलेला लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. चोळलं नाही, मलमल विरते. अर्धा तास उन्हात; रस सुकत आला की पुन्हा थेंब, कारण वाळलेल्या आम्लाने सुती धागा कमजोर होतो. मग भरपूर पाण्यात धुऊन, न पिळता सावलीत पसरली. जुना डाग दुसऱ्या खेपेला गेला. रंगीत कापड असेल तर आधी कोपऱ्यावर करून बघा.