गोव्यातल्या आडनावाचं मूळ कसं शोधावं

'प्रभू लोटलीकर' या आडनावात दोन वेगळ्या गोष्टी जोडलेल्या आहेत. प्रभू हा मान किंवा हुद्दा, लोटली हे गाव. शोध गावाच्या बाजूने सुरू करावा. प्रभू, कामत, पै, नायक, देसाई ही नावं गोवाभर पसरली आहेत. त्यावरून भाऊबंदकी ठरत नाही.

गावावरून आलेलं आडनावही जपून वाचावं. लोटलीत राहणाऱ्याला लोटलीकर म्हणायची गरज कुणाला पडणार? गाव सोडून गेलेल्यालाच नव्या जागी ही ओळख चिकटते. आणि ती एका पिढीतही बनते: दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतलं, तेव्हा त्यामागे शतकांची परंपरा नव्हती.

कागदांच्या मागे लागण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना चार गोष्टी विचारून लिहून घ्या: कुळदेव कोण, मूळ गाव कोणतं, वांगड (गावच्या मूळ घराण्यांमधला कुळगट) कोणता, आणि सुतक कुणाकुणाचं धरतात. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. आडनाव बदललेली, दुसऱ्या तालुक्यात गेलेली शाखा सुतकाच्या यादीत मात्र टिकून असते.

कुळदेवाचं देऊळ फोंड्यात आहे म्हणून घराणं फोंड्याचं, असं धरू नका. इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केल्यावर देव नदीपलीकडे, फोंड्याकडे हलवले गेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. म्हणजे म्हाळसेचा महाजन (देवळाचा वंशपरंपरागत हक्कदार) असाल तर आधी वेर्णे तपासा. देवस्थानांसाठी 1886 साली नियमावली झाली. देवळाच्या महाजनांच्या यादीत आजोबा-पणजोबा सापडतात का, ते देवस्थान समितीकडे विचारावं.

आता कागद. तालुक्याच्या नागरी नोंदणी कचेरीत जन्मनोंदीचा 'तेओर' मागा. साध्या दाखल्यात मोजकेच रकाने असतात, तर तेओर म्हणजे वहीतल्या मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. त्यात बहुधा आजी-आजोबांची नावंही मिळतात. एका तेओरवरून मागची पिढी, तिच्या तेओरवरून आणखी मागची, असं चढत जायचं. जुन्या वह्यांसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यात जावं लागतं. मजकूर पोर्तुगीज, हाताने लिहिलेला, तारखा अक्षरांत. जन्माची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी असते. उशिरा केलेल्या नोंदीत तर वर्षांचा फरक पडतो. नुसत्या जन्मसालावर वही मागितली तर 'नाव नाही' हेच उत्तर मिळेल, म्हणून पुढच्या काही वर्षांच्या वह्याही पाहाव्यात.

नाव असूनही सापडत नाही ते स्पेलिंगमुळे. पोर्तुगीज लेखनात शेट 'एक्स'ने सुरू होतं, 'के'च्या जागी 'सी' किंवा 'क्यू' येतो. प्रभूचा पोरोबो, कामतचा कामोतीं, शेणवीचा सिनाय, पैचा पोय झालेला असतो. कारकुनाने कधी सिनाय ठेवून गाव गाळलं, कधी उलट केलं. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात. जाताना प्रत्येक नावाची तीन-चार रूपं कागदावर लिहून न्या.

नागरी नोंदणीच्या आधीच्या काळासाठी हिंदू घराण्यांना बाप्तिस्म्याच्या वहीचा आधार नाही. तिथे वारसांचे 'इन्व्हेंतार', म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या वाटणीचे दावे, कामी येतात. भांडण जितकं मोठं तितकी वंशावळ पूर्ण! जमिनीच्या नोंदी आणि नोटरीचे दस्तही बघावेत. त्याहून मागे जायचं तर गावच्या कोमुनिदादीत (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) गांवकारांची, म्हणजे तिच्या वंशपरंपरागत सभासदांची, वांगडवार नावं पाहा. कोमुनिदादींची प्रशासक कार्यालयं म्हापसा, पणजी आणि मडगाव इथे आहेत. फार जुने कागद गोंयकानडी या गोव्याच्या जुन्या लिपीत, नव्या काबिजादीतले (पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या तालुक्यांतले) मोडीत. त्यासाठी वाचणारा माणूस सोबत हवा.

ख्रिस्ती कुटुंबांचं गणित वेगळं. फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज ही नावं बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपित्यावरून मिळाली, म्हणून एकाच वाड्यावरचे दोन फर्नांडिस परके असू शकतात आणि फर्नांडिस व डिसोझा एकाच मूळ कुळातले. इथे चर्चची बाप्तिस्मा-वही आणि वांगड ही जोडी जुळवायची. वांगड एक निघाला तर आडनाव वेगळं असूनही नातं धरायला जागा आहे.

एखादी शाखा मधेच तुटली, तर गोवा मुक्तीनंतरचे नावबदल तपासा. त्यासाठी 1990 चा नाव व आडनाव बदल कायदा आहे. जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी बघायला मिळेल असा कागद बऱ्याचदा घरच्या पेटीतच पडलेला असतो.