ऑर्डरचं चित्र घेताना सही कशी सांभाळायची

मे महिन्यात ठाण्याच्या तलावपाळीचं पाणी हिरवं असतं. कोपिनेश्वराच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर कडेला गडद शेवाळी दिसतं आणि चारच्या उन्हात मधोमध त्यावर पिवळसर झाक येते. सॅप ग्रीनमध्ये यलो ऑकर आणि कणभर बर्न्ट अंबर घालत घालत तो हिरवा सापडायला मला तीन आठवडे लागले. चित्र घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटसाठी होतं. इंटिरियर डिझायनर बघायला आली, तिने पर्समधून सोफ्याच्या कापडाचा तुकडा काढून कॅनव्हासवर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, पाणी जरा या निळ्यात घ्या ना." मी घेतलं. खाली सहीही केली. पैसे दुसऱ्या दिवशी आले. त्याला अकरा वर्षं झाली, पण त्या चित्राचा फोटो समोर आला की माझी नजर आधी सहीवर जाते आणि पोटात खड्डा पडतो.

नौपाड्यातल्या माझ्या रविवारच्या वर्गातली मुलं विचारतात, "ताई, ऑर्डरची कामं घ्यायची की नाही?" घ्यायची. पैशाने कला बाटते असं मी मानत नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला नेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोचल्या. दीनानाथ दलालांनी जन्मभर मुखपृष्ठं केली. माझ्या आजोळी त्यांचं एक मुखपृष्ठ काचेत बसवून लावलं होतं, मी रेषा बघायला शिकले ती तिथे. चूक होते ती काय बदलायचं आणि काय नाही हे आधी ठरवलेलं नसतं म्हणून. समोर पैसे ठेवलेले असताना ते ठरवता येत नाही.

म्हणून काम हातात घेण्याआधी एका कागदावर चित्रातली न बदलणारी गोष्ट लिहा. एकच. माझ्या त्या चित्रात ती पाण्याचा रंग होती. देऊळ डावीकडे सरकवा म्हटलं असतं तर मी सरकवलं असतं, होड्या कमी केल्या असत्या, आकार बदलला असता. मग गिऱ्हाईकाला छोटं रंगीत स्केच दाखवा आणि ती गोष्ट तोंडाने सांगा: "पाणी असंच राहील." बदल सुचवायचे ते स्केचवर, दोनदा. कॅनव्हासवर नाही. स्केच पसंत पडलं की निम्मी रक्कम आगाऊ घ्या, आणि हे सगळं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या करा. व्हॉट्सॲपवर कळवलं तर तेही जपून ठेवा, पण कागद हवाच.

कागद हवा याला कायद्याचंही कारण आहे, आणि ते आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगितलं म्हणून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं ठरलेलं नसेल तर, सांगणाऱ्याचा होतो. म्हणजे तो तुमचं चित्र कॅलेंडरवर छापेल आणि तुम्ही बघत बसाल. "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील" ही एक ओळ त्या पानावर घालाच. कलम ५७ मात्र विकल्यानंतरही तुमच्या बाजूने उभं राहतं: चित्र माझं आहे हे सांगण्याचा हक्क, आणि नाव खराब होईल अशी मोडतोड केली तर दाद मागण्याचा हक्क. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाईही दिली. ती बातमी वाचली त्या दिवशी मला फार आधार वाटला होता.

किंमत आकाराने लावा, माणूस बघून नाही. माझा दर चौरस इंचाला ३५ रुपये आहे, म्हणजे २४ बाय ३६ चं चित्र ३०,२४० रुपयांना, फ्रेम वेगळी. खासगी गॅलऱ्या बहुधा तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम ठेवतात, तरी घरून घेणाऱ्यालाही तोच भाव सांगा. घरी स्वस्त दिलंत तर गॅलरीतल्या गिऱ्हाईकाला फसवल्यासारखं होतं. आणि "आधी पैसे भरा, प्रदर्शनात जागा आणि प्रमाणपत्र देतो" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका.

खरं अवघड वळण पहिलं चित्र खपल्यावर येतं. लोक तेच पुन्हा मागतात. मी एका वर्षात सात तलावपाळ्या काढल्या, आणि शेवटच्या दोन काढताना खिडकीपाशी जाऊन पाणी बघितलंसुद्धा नाही, हात आपोआप चालत होता. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. आपल्याला घरखर्च असतो, तेवढं परवडणार नाही, हे मान्य. पण एक करता येतं: त्या विषयाचं पुढचं चित्र घेण्याआधी एकदा तिथे जाऊन तासभर बसा. आधीच्या चित्रात राहून गेलेलं काही दिसलं तर घ्या. नाही दिसलं तर जुन्या चित्राचे प्रिंट द्या, क्रमांक घालून, पन्नासच काढून. त्यात कमीपणा काही नाही.

सही लगेच करू नका. चित्र रात्रभर भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि सकाळच्या उजेडात एकदा बघून मग करा. गिऱ्हाईकाला सोफ्याला जुळणारंच हवं असेल आणि तुम्हाला पैशांची गरज असेल, तर तसं काम जरूर करा, मात्र बिलावर 'सजावटीचं काम, सही नाही' असं आधीच लिहा. मी अशी कामं केली आहेत आणि तीही निगुतीने केली आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एका काकांनी तलावपाळीच मागितली. स्केच पसंत केलं, कागदावर सही केली. चित्र पूर्ण झाल्यावर म्हणाले, "पाणी जरा स्वच्छ दाखवा, बाई." मी म्हटलं, "काका, पाण्याचं आपलं ठरलं होतं. निळं हवं असेल तर दुसरं काढून देते, यात हात घालणार नाही." ते गेले ते परत आले नाहीत. कागदाप्रमाणे आगाऊ रक्कम माझ्याकडे राहिली. चित्र माझ्या बैठकीच्या खोलीत आहे, सहीसकट, आणि किंमत तीच, ३०,२४०.