घरझडतीला पोलीस आले तर काय करायचं

कोथरूड असो की हडपसर, दारात पोलीस दिसले की आपण घाबरून गप्प बसतो, तसं करू नका. आधी शांतपणे वॉरंट मागा आणि त्यावर जागा कुठली लिहिलीय ते वाचा. अर्जंट असेल तर तपास अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो, पण मग त्याला कारण आधी लेखी नोंदवावं लागतं आणि ती नोंद 48 तासांत मॅजिस्ट्रेटकडे जाते. घराची प्रायव्हसी राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये येते, हे 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, म्हणजे विचारणं हा काही उद्धटपणा नाही.

1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, झडतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग कंपल्सरी झालंय, ते चालू आहे ना बघा. दोन पंच, म्हणजे साक्षीदार हवेत, बाईची अंगझडती बाईच घेणार. आणि खरं लक्ष द्या जप्तीच्या यादीकडे, "मोबाईल एक नग" एवढंच लिहिलं असेल तर कंपनी, रंग, आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) तिथल्या तिथे लिहायला लावा आणि यादीची कॉपी मागून घ्या, तो तुमचा हक्कच आहे. अडवाअडवी मात्र नको, हरकत असेल तर लेखी द्या.