टूरिंग सायकलला सस्पेन्शन फोर्क बसवताना

कोल्हापूरहून राधानगरी किंवा गगनबावड्याकडे सामान लादून सायकलने जाणाऱ्याला पुढच्या चिमट्याला (फोर्कला) शॉकअप असावा असे वाटणे साहजिक आहे; ऊसवाहतुकीने उखडलेल्या रस्त्यावर दिवस काढला की मनगटे बधिर होतात. मात्र खरेदीपूर्वी जुन्या चिमट्याची लांबी मोजावी, कारण पुढचे सगळे काम त्या एका मापावर अवलंबून आहे.

हे माप आसाच्या मध्यापासून हेडसेटची (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या जोडीची) खालची रेस, म्हणजे बेअरिंगचे कडे, चिमट्यावर जिथे टेकते तिथपर्यंत सरळ रेषेत घ्यावे. ७०० सी चाकांच्या साध्या टूरिंग सायकलला ते बहुधा ३७० ते ४०० मिमी भरते, तर ६३ मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबू शकणारा) ट्रेकिंग फोर्क ४५० मिमीच्या आसपास असतो. स्वार बसल्यावर तो १३ ते १६ मिमी दबेल, तरीही फरक मोठा राहतो. पुढचा भाग २० मिमी उचलला गेला की हँडलच्या नळीचा कोन सुमारे १ अंशाने कलतो. सामान असताना घाट चढताना हँडल डावी-उजवीकडे ढळू लागते आणि फ्रेमच्या जोडांवरचा ताणही वाढतो. म्हणून दबलेल्या फोर्कची लांबी जुन्यापेक्षा २० मिमीहून अधिक भरत असेल, तर फोर्क बदलू नये आणि फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लांबी जुळली की स्टिअररचा, म्हणजे फोर्कच्या फ्रेममधून वर हँडलकडे जाणाऱ्या नळीचा व्यास पाहावा. जुन्या सायकलींची नळी २५.४ मिमीची आणि आटे असलेली असते. हल्लीचे बहुतेक सरळ (खाली रुंद न होणाऱ्या) नळीचे फोर्क २८.६ मिमीचे, बिनआट्याचे असतात. ब्रेकही आताच तपासावेत. नव्या फोर्कवर व्ही-ब्रेक (दोन उभ्या भुजांनी रिम दाबणारा) असेल, तर त्याला जास्त केबल ओढणारे लिव्हर लागते, त्यामुळे ड्रॉप (खाली वळलेल्या) हँडलवरच्या नेहमीच्या लिव्हरने तो नीट लागत नाही.

जुना चिमटा उतरवणे सोपे आहे. नवी रेस मात्र हातोडीने थेट ठोकू नये. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवाल्याकडून, स्टिअररवरून सैल सरकेल आणि रेसच्या आतल्या कडेवरच टेकेल असा पाइपचा तुकडा करून घ्यावा. रेस पूर्ण बसली की ठोक्याचा आवाज बदलून घट्ट येतो.

स्टिअरर कापताना घाई अजिबात करू नये, कारण नळी आखूड झाली तर सगळा फोर्क वाया जातो. हेडसेट, २० ते ३० मिमीचे स्पेसर (उंचीसाठीच्या चकत्या) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) चढवून, स्टेमच्या वरच्या कडेवर खूण करावी आणि तिच्या ३ मिमी खाली कापावे. जुना स्टेम आवळून त्याच्या कडेने करवत चालवल्यास काप सरळ येतो. नंतर आतली-बाहेरची धार कानशीने काढावी. टॉप कॅपचा (स्टेमवरच्या झाकणाचा) बोल्ट फक्त बेअरिंगमधली ढिलाई घालवण्यापुरता आवळावा. हँडल धरून ठेवतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट, आणि तेच शेवटी, त्यांवर लिहिलेल्या टॉर्कनुसार आवळावेत.

यानंतरची एक तपासणी मी पहिल्या वेळी केली नव्हती आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मडगार्ड क्राउनखाली (फोर्कच्या दोन पायांना जोडणाऱ्या वरच्या भागाखाली) चेपला. स्प्रिंग काढून किंवा हवा सोडून फोर्क पूर्ण दाबावा आणि टायर-मडगार्डला तेव्हाही जागा उरते का ते पाहावे.

पुढचे पॅनियर (चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्या) मागे न्यावेत, कारण बहुतेक सस्पेन्शन फोर्कना कॅरियरसाठी भोके नसतात; हँडलची पिशवी चालते. मग सगळे सामान लादून, फोर्कच्या वरच्या नळीला झिप टाय बांधून सायकलवर हलकेच बसावे आणि उतरून टाय किती सरकला ते मोजावे. तो ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के सरकेपर्यंत प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) किंवा हवा जुळवावी.

पहिली चाचणी पन्हाळ्याची करावी. वाघबीळचा उतार सामानासह उतरून घरी आल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हेडसेटमध्ये खुटखुट जाणवली तर स्टेमचे बोल्ट सैल करून टॉप कॅप किंचित आवळावी आणि बोल्ट पुन्हा घट्ट करावेत.