मेट्रो, बस आणि महापालिका: तुमचा अर्ज योग्य टेबलावर कसा पोचवायचा (पुण्यापुरतं)

आधी कबुली देतो. माझा पहिला अर्ज चार पानी होता. आमच्या बसस्टॉपची शेड फूटपाथच्या अशा बाजूला होती की उभं राहिलं की येणारी बस झाडामागे दिसायचीच नाही, तर मी त्यात शेडपासून सुरुवात करून हिंजवडीच्या ट्रॅफिकपर्यंत, मग मेट्रोचं तिकीट, मग फ्लायओव्हर कसे चुकले, असं सगळं लिहिलं, खाली सोसायटीतल्या अकरा जणांच्या सह्या घेतल्या आणि एका कार्यालयात देऊन आलो. दीड महिन्यानी कळलं की तो अर्ज "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून दुसरीकडे गेला, तिथून तिसरीकडे, आणि तिसरीकडच्यांनी तो परत पहिल्यांकडे पाठवला. चूक माझी होती, कारण त्यात नऊ मागण्या होत्या आणि त्यातली एकही पूर्णपणे एका टेबलाची नव्हती.

म्हणून पहिलं काम, कोणाचं काय ते नीट लक्षात ठेवा. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या दोन मेट्रो लाइन महामेट्रोच्या, म्हणजे केंद्र आणि राज्याच्या मेट्रो कंपनीच्या. हिंजवडी-शिवाजीनगर ही तिसरी लाइन पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), खासगी भागीदारीतली, तिच्याबद्दल महामेट्रोला लिहिलंत तर कागद नुसता फिरेल. बस पीएमपीएमएलची, म्हणजे दोन्ही महापालिकांच्या परिवहन कंपनीची. रस्ता, फूटपाथ महापालिकेच्या पथ विभागाचा. सिग्नल, नो पार्किंग, राँग साइड हे वाहतूक पोलिसांचं. आता गंमत अशी की मेट्रो स्टेशनचा जिना जिथे उतरतो त्या दहा फुटात हे सगळे एकत्र येतात, जिना एकाचा, फूटपाथ दुसऱ्याचा, बसस्टॉप तिसऱ्याचा आणि समोर तिरक्या लावलेल्या रिक्षा चौथ्याच्या. त्यामुळे "स्टेशनबाहेर फार गोंधळ आहे" असा अर्ज कोणाचाच नसतो. "जिन्यापासून बसस्टॉपपर्यंतच्या फूटपाथवर तीन ठिकाणी फरशी उखडली आहे" हा मात्र पथ विभागाचाच असतो, आणि तो नाकारायला त्यांना कारण सापडत नाही.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक हेच करत नाहीत, ते म्हणजे कागद कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखणं. कुठलाही मोठा प्रकल्प आधी अभ्यास, मग डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), मग महापालिकेची मान्यता, मग राज्य, मग केंद्र, मग टेंडर, मग खोदकाम असा जातो. आपण जागे होतो खोदकामाला, पत्रे लागले की. लकडी पुलाचं आठवा, मुठेवरचा, गणपतीची मिरवणूक जातो तो. २०२१ मध्ये गणेश मंडळांनी आक्षेप घेतला की त्यावरून मेट्रोचा पूल आडवा येतोय, विसर्जन मिरवणुकीतले उंच देखावे खालून जाणार नाहीत. मुद्दा खोटा नव्हता, महापालिकेत त्यावर जोरदार राजकारण झालं, काम काही काळ थांबलं, पण तोवर खांब उभे होते आणि उंची नकाशावर कधीच ठरून गेली होती. मेट्रोचा पूल झाला तसाच. हेच म्हणणं नकाशा कागदावर होता तेव्हा कोणी मांडलं असतं तर खर्च फक्त एका खोडरबराचा होता.

उलटं उदाहरण स्वारगेट-कात्रजचं. ५.४६ किलोमीटरचा भुयारी मार्ग, केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला तेव्हा स्टेशनं तीनच, मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. मधल्या बालाजीनगरच्या लोकांनी धरून ठेवलं की एवढ्या वस्तीला स्टेशन नाही हे चालणार नाही, लोकप्रतिनिधी मागे लागले, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी अशी दोन जादा स्टेशनं मंजूर केली. इथे काय बरोबर झालं? मागणी एक होती, जागा ठरलेली होती आणि बोगदा अजून खणायचा होता. बस्स, एवढंच.

आणि अजिबातच उशीर झाला की काय होतं ते बघायचं असेल तर विद्यापीठ चौकात जाऊन उभे राहा. तिथले जुने फ्लायओव्हर २०२० मध्ये पाडले, वय जेमतेम चौदा वर्षं, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्यांच्यात बसत नव्हता. आपण पैसे दोनदा दिले, आणि मधली वर्षं चौकातल्या धुळीत काढली ती वेगळीच.

टप्पा कळणार कसा? जाहीर नोटिसा वाचा. वर्तमानपत्रात शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात येतात, महापालिकेच्या वेबसाइटवरही टाकतात, "हरकती व सूचना" हे दोन शब्द दिसले की थांबा. विकास आराखड्यात किरकोळ बदल असेल, म्हणजे रस्त्याची रुंदी किंवा आरक्षण बदलणं वगैरे, तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली साधारण एक महिना मिळतो हरकत घ्यायला. हा महिना गेला की नंतर मोर्चा काढा नाहीतर रस्त्यावर झोपा, फाइलमध्ये तुमचं नाव नसतं आणि पुढे कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो की तेव्हा हरकत का नाही घेतली.

आता मोजणी. बसबद्दल तक्रार असेल तर वही घ्या, मोबाइल नको, मोबाइलवर आपण अर्ध्यात दुसरंच काहीतरी उघडतो. एकच स्टॉप, एकच वेळ, सलग सहा दिवस. समजा सकाळी आठ ते नऊ. डाव्या बाजूला बस आली ती वेळ, मग पाटीवरचा मार्ग क्रमांक, मग बसली किती माणसं आणि जागा नाही म्हणून राहिली किती. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो कुठल्याच तिकीट मशीनमध्ये नसतो, कारण जो चढलाच नाही त्याचं तिकीट फाटत नाही. ८.१२, मग ८.४७, मग लगेच ८.४९ अशा नोंदी दिसल्या तर प्रश्न बस कमी असण्याचा नाही, दोन बस एकामागे एक चिकटून येण्याचा आहे, आणि मग मागणीही बदलते. "बस वाढवा" म्हणण्यापेक्षा "सुटण्याच्या वेळा पाळा" ही मागणी कितीतरी स्वस्त, आणि स्वस्त मागणी लवकर मान्य होते.

अर्ज एका पानाचा. विषयाच्या ओळीत स्टॉपचं नाव आणि मार्ग क्रमांक. पहिल्या परिच्छेदात काय होतंय ते, दुसऱ्यात वहीतली मोजणी, तिसऱ्यात एक मागणी, फक्त एक. "आपला विश्वासू" आणि सही. "प्रशासनाच्या गलथान कारभारामुळे" वगैरे लिहू नका हो, ते वाचून टेबलावरच्या माणसाचा अर्ज बाजूला ठेवण्याचा वेग वाढतो, बाकी काही होत नाही. दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का पुसट उमटला, आकडा वाचता येत नाही असं झालं तर तिथेच सांगा, ते परत मारून देतात, नाहीतर निदान पेनाने आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. माझ्या पहिल्या अर्जावर फक्त अर्धा जांभळा गोल होता. त्या अर्ध्या गोलाच्या जिवावर पुढे तो शोधणं फार जड गेलं.

नगरसेवकांकडे वळू. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, विचारायला नगरसेवकच नव्हता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर परत १६५ जण आलेत, ४१ प्रभागांतून, बहुतेक प्रभागात चार. चार म्हणजे काय, तर चौघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. त्यावर उपाय सोपा आहे, अर्ज चौघांनाही द्या आणि "प्रत माहितीसाठी" म्हणून खाली चौघांचीही नावं लिहा. वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर फारच उत्तम, दुसऱ्याने आधी करून बॅनर लावला तर काय, ही भीती पुण्यात अजून चांगली काम करते.

त्यांच्याकडे नेमकं मागायचं काय? पीएमपीएमएल २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या जुन्या बससेवा एकत्र करून झाली आणि तिची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. म्हणजे बसची दोरी बजेटमध्ये आहे. १ जून २०२५ ला पहिल्या टप्प्याचं तिकीट पाचवरून दहा झालं तेव्हा सगळे ओरडले, पण त्याआधी बजेटच्या वेळी कोणी विचारलं नाही की या वर्षी नवीन बससाठी किती ठेवले. त्यामुळे नगरसेवकाला "भाडं कमी करा" म्हणण्यापेक्षा स्थायी समितीत, म्हणजे महापालिकेच्या खर्चाचं ठरवणाऱ्या समितीत, हा प्रश्न विचारायला लावा. छोट्या गोष्टींसाठी, म्हणजे बाक, फूटपाथ, स्टॉपवर दिवा असल्या कामांसाठी नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही योजना पुण्यात २००६ पासून आहे, क्षेत्रीय कार्यालयात साधा फॉर्म भरायचा असतो. साधारण पावसाळा संपताना मुदत असते, चौकशी करत राहा, जाहिरात फारशी दिसत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर हे टाकलंत की दोन वाक्यं येणारच. एक, "बस तोट्यात आहे, बंद करा." त्यावर विचारायचं की फ्लायओव्हर किती नफ्यात आहे. फ्लायओव्हरला तिकीट नसतं म्हणून त्याचा तोटा कोणाला दिसत नाही, एवढाच फरक. दोन, "मेट्रो आली ना, आता बस कशाला." अहो, मेट्रोपर्यंत जायचं कशानी? स्टेशनला दुचाकीवर जायचं तर ती लावायची कुठे, आणि लावायचा विषय निघाला की आपलं सगळ्यांचं तोंड बंद होतं. २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, तेही घाबरत घाबरत आधी फक्त पाच रस्त्यांपुरतं, आणि पुढे ते अडकूनच पडलं. कारण ज्यांना बस हवी होती त्यांनाच रस्त्यावरची फुकट जागाही हवी होती. मीही त्यात होतो, माझी स्कूटर अजून गेटबाहेरच असते.

अर्ज देऊन महिना झाला आणि काहीच हललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, आणि आपल्या राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. "का केलं नाही" असं विचारू नका, "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. "आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, या अर्जावरील टिपणीची आणि शेऱ्याची प्रत मिळावी" असं मागा. टिपणीत कोणी काय लिहिलं, कोणाच्या टेबलावर किती दिवस राहिलं, सगळं तारखेसकट कळतं.

पण त्याच्याही आधी एक फुकटचा मार्ग आहे आणि तो कोणी वापरत नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकेतली फाइल तुम्ही स्वतः बसून बघू शकता, २०१८ च्या सरकारी आदेशाने राज्यातल्या सगळ्या स्थानिक संस्थांना हे लागू केलं होतं, सध्या चालू आहे का ते आधी विचारून घ्या. मी तीन वाजून पाच मिनिटांनी गेलो होतो. मला फाइल काढून दिली, लाल फीत, आत माझा चार पानी अर्ज आणि प्रत्येक पानावर वेगळ्या शाईने वेगळ्या विभागाचं नाव लिहिलेलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीनी एकच ओळ होती, "नेमकी मागणी काय?"

घरी येऊन एका पानाचा नवा अर्ज लिहिला, फक्त शेड झाडाच्या पुढे सरकवा एवढाच, सोबत एक फोटो. शेड सरकली नाही. झाडाची खालची फांदी छाटली, आता बस दिसते.