काच पुसली तरी धूसरच? या चुका टाळा

बाणेरच्या एका सोसायटीत नवव्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावलं होतं. म्हणाल्या, "अहो दादा, दर आठवड्याला एवढी महागाची बाटली मारते, तरी सकाळचं ऊन आलं की काचेवर सगळे फराटेच दिसतात." मी बोट फिरवून पाहिलं, काच किंचित चिकट लागली. त्यांच्याकडून वाटीभर साधं पाणी घेतलं आणि स्वच्छ फडका ओला करून काच जरा चोळली. फडक्याला फेस आला! काचेवर मळ जवळजवळ नव्हताच. होता तो गेले कित्येक महिने थरावर थर चढवलेला क्लीनर.

हाउसकीपिंगची कंत्राटं घेऊन मला बारा वर्षं झाली. घरं, दवाखाने, दुकानं, दोन-तीन आयटी ऑफिसं. काचेची तक्रार आली की लोक आधी विचारतात, "कुठलं लिक्विड चांगलं?" बाटलीचा नंबर माझ्या लेखी शेवटी लागतो. त्याआधी डाग कशाचा आहे, पाणी कसलं आहे, माप किती घेतलं आणि फडका कशात धुतला हे बघावं लागतं.

डाग ओळखल्याशिवाय बाटली उघडू नका

फराटे आतल्या बाजूला आहेत की बाहेरच्या, इथेच निम्मा वेळ वाया जातो. त्यासाठी आमच्या पोरांना मी एक सवय लावली आहे. आतली बाजू उभी पुसायची, बाहेरची आडवी. मग उन्हात फराटा आडवा दिसला, तर तो बाहेरचा.

आता डागाचा प्रकार. स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा पिवळट, धूळ धरून बसलेला थर फोडणीच्या तेलाचा असतो. त्यावर निळं काचेचं लिक्विड मारलं की तेल नुसतं पसरतं. आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घालून तेल काढा, काचेचं लिक्विड त्यानंतर. न्हाणीघराच्या पार्टिशनवरचा पांढरा थर साबण आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमचा, त्याला आंबट काहीतरी लागतं. नखाला खरखरीत लागणारे राखाडी ठिपके बहुधा सिमेंटचे. आणि दुहेरी काचेच्या मधोमध धुकं धरलं असेल, तर कडेचं सील गेलंय. जगातलं कुठलंही लिक्विड तिथवर पोहोचत नाही, काचवाल्यालाच बोलवा.

"एक झाकण" हे माप नव्हे

घरी मिळणारी स्प्रेची बाटली तयार असते, तिच्यात पाणी घालायचं नसतं. आम्ही घेतो ते पाच लिटरच्या कॅनमधलं कॉन्सन्ट्रेट, ते पाण्यात मिसळूनच वापरायचं. आजकाल सोसायट्यांचे लोकही ऑनलाइन असे कॅन मागवतात, आणि घोटाळा तिथे होतो. कॅनवर १:२० लिहिलं असेल तर एक लिटर पाण्याला ५० मिलिलिटर, १:५० असेल तर २० मिलिलिटर. झाकणाचं माप प्रत्येक कॅनचं वेगळं. त्यात आपला स्वभाव असा की काच जास्त मळकट दिसली की "घाल अजून थोडं". जादाचं लिक्विड काचेवरच वाळतं, त्याच्यावर धूळ बसते आणि पुढच्या आठवड्यात काच आणखी मळकट दिसते. मग अजून थोडं.

औषधाच्या दुकानातून मापाचा छोटा कप आणा, नाहीतर स्प्रे बाटलीवर मार्करनं दोन रेघा मारा. एक लिक्विडची, एक पाण्याची. आमच्या स्टोअरमध्ये एवढ्यानं कॅन जवळपास दुप्पट दिवस पुरायला लागला.

नंबरांचाही गोंधळ होतो. टास्की या ब्रँडच्या लिक्विडची आर-वन ते आर-सिक्स ही मालिका बऱ्याच ऑफिसांत असते. त्यात काचेसाठी आर-थ्री, तर आर-टू हे सर्वसाधारण पृष्ठभागांसाठी. नवीन पोरगा आर-टूनं काच पुसतो आणि "साहेब, डाग जात नाही" म्हणून येतो. फरशीचं किंवा टेबलाचं लिक्विड काचेवर चाललं तरी मागे थर ठेवतं. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत निळं पाणी भरून ठेवण्याची सवय तर आजच सोडा. घरात लहान मूल असेल तर ती बाटली कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. आणि निळा रंग हा फक्त रंग आहे, जास्त निळं म्हणजे जास्त जोरदार असं काही नाही.

काकूंच्या काचेसारखा थर आधीच चढला असेल तर काय करायचं? साध्या पाण्यानं दोनदा धुवा, फेस यायचा थांबेपर्यंत. मग एका वाटी पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून एक हात फिरवा आणि कोरडं करा. पुढचे काही आठवडे नुसतं पाणीही पुरतं. रोज पुसली जाणारी काच एवढी घाण होतच नाही, हे लिक्विड विकणारा तुम्हाला कशाला सांगेल?

पाण्याकडे कुणी बघतच नाही

पुण्यात नळाला येणारं धरणाचं पाणी त्या मानानं मऊ असतं. उन्हाळ्यात सोसायटीत बोअर आणि टँकर सुरू झाला की आमच्या फोनवर काचेच्या तक्रारी सुरू होतात. हिशोब सोपा आहे. पाण्याचा टीडीएस ८०० असेल तर एका लिटरमध्ये साधारण ८०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार काचेवरच राहतात. तुम्ही कितीही घासा, वाळताना तेच पाणी पुन्हा ठिपके ठेवणार.

इथे हमखास होणारी चूक आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची. पाणी वाचवायचं म्हणून लोक ते बादलीत साठवतात आणि त्यानं फरशी, गाडी, खिडक्या सगळं धुतात. फरशीला एक वेळ ठीक आहे. काचेला नाही. आरओ मशीन गाळलेल्या पाण्यातले क्षार याच पाण्यात ढकलतं, म्हणजे ते तुमच्या नळापेक्षा जड असतं. काचेचा शेवटचा हात फिरवायला उलट आरओचं पिण्याचं पाणी वाटीभर घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, ते हवेतल्या बाष्पाचं असल्यानं त्यात क्षार जवळजवळ नसतात. फडक्यातून गाळून घ्या, कारण नळीत धूळ आणि शेवाळ असतं. उंच इमारतींच्या काचा लांब दांड्यानं धुणाऱ्या कंपन्या याच तत्त्वावर चालतात. पाणी आधी क्षारमुक्त करतात, मग काच पुसावीच लागत नाही, धुऊन सोडून देतात.

पांढऱ्या ठिपक्यांवर लगेच अ‍ॅसिड नको

ठिपके ताजे असतील तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व पुरतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे. उभ्या काचेवर हे पाणी टिकत नाही, म्हणून टिश्यू पेपर किंवा जुना सुती पंचा त्यात भिजवून काचेवर चिकटवायचा, दहा मिनिटं ठेवायचा, हलक्या हातानं चोळायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. जुन्या थराला दोन-तीन वेळा करावं लागतं. एका फेरीत गेलं नाही म्हणून तारेची घासणी घेऊ नका, ते ओरखडे नंतर निघत नाहीत.

खिडकीचा ओटा कडप्प्याचा, कोट्याचा किंवा संगमरवराचा असेल तर खाली प्लास्टिक अंथरा. हे सगळे दगड चुन्याच्या जातीचे, लिंबाचा ओघळ पडला तरी चकाकी मरते आणि पांढरट वण राहतो. डाग काचेवरचा गेला आणि ओट्यावर आला, असं मी एकदा स्वतः केलंय आणि पॉलिशवाल्याचे पैसे खिशातून भरलेत.

संडासचं अ‍ॅसिड काचेला फारसं करत नाही, पण अ‍ॅल्युमिनियमची चौकट, स्टीलची कडी आणि बिजागरी खाऊन टाकतं. याहून वाईट काही सुट्या बाटल्या. "एक थेंब, सगळा डाग गायब" म्हणून विकतात, वर नाव ना पत्ता. त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असू शकतं. ही जात काचच विरघळवते. डाग जातो आणि काच कायमची धुरकट होते. कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही, आत मुरत जातं. तेव्हा पाण्याखाली हात धरून थेट दवाखाना गाठायचा, बाटली सोबत घेऊन. लेबल नसलेली बाटली मी स्टोअरमध्ये घेतच नाही, कितीही स्वस्त असो.

आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड नको, अमोनियावालं लिक्विडही नको. दोन्हीतून विषारी वायू निघतो, आणि हे नेमकं होतं कुठे, तर बंद न्हाणीघरात.

लिंबूसत्वाच्या तीन-चार फेऱ्यांनंतरही ठिपक्याची आकृती राहिली आणि नख फिरवल्यावर काहीच अडत नसेल, तर क्षार गेलेत आणि काच खाल्ली गेली आहे. हलकं असेल तर काचवाले सेरियम ऑक्साइडनं पॉलिश करून देतात. खोल असेल तर काच बदला.

फडका आणि वायपर

मायक्रोफायबरचा फडका घरच्या कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकता ना? टॉवेलचे तंतू त्यात अडकतात. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड पडलं तर त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडका पाणी ओढेनासा होतो, उलट काचेला तेलकट करतो. वेगळा धुवा, साधी पावडर, नंतर भरपूर पाणी. काचेचा फडका ओट्याला किंवा गॅसला लावायचा नाही. आमच्याकडे काचेचे फडके निळेच असतात आणि निळा फडका दुसरीकडे दिसला की ज्यानं वापरला त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

वर्तमानपत्राबद्दल विचारतातच. चालतं, त्याचे तंतू सुटत नाहीत. पण पांढऱ्या यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीला शाई लागते आणि गुळगुळीत पुरवणीचा कागद पाणी ओढत नाही.

मोठ्या काचेला फडक्यापेक्षा वायपर बरा. फरशीचा जाड फोमवाला नव्हे, काचेचा, एकाच पातळ रबरी पट्टीचा. असा हलका वायपर अमेरिकेत ओकलंडला राहणाऱ्या एत्तोरे स्तेकोने या इटालियन माणसानं १९३६ साली पेटंट केला, आणि आजही काच पुसणारे जवळपास त्याच धाटणीचं हत्यार वापरतात. फराटे पडतात ते तीन कारणांनी. पट्टीची धार कुठेतरी कापलेली असते, तिथे दर वेळी एक बारीक रेघ उमटते. पट्टी उलटी करून बसवा, नाहीतर बदला. दुसरं, काचेची वरची कड ओली असतानाच रबर टेकवून पहिला हात फिरवतात. आधी वरच्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा फडक्यानं कोरडा करायचा आणि रबर तिथून सुरू करायचं. तिसरं, दोन हातांच्या मध्ये रबर पुसत नाहीत. दर खेपेला पुसायचं, आणि पुढचा हात आधीच्यावर थोडा चढवायचा. बादलीत पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस.

ब्लेड

हे लिहिताना अजून वाईट वाटतं. नव्या फ्लॅटचं काम होतं, काचांवर रंगाचे शिंतोडे. माझ्या माणसानं ब्लेड घेतलं, मीच दिलं होतं. संध्याकाळी तिरपं ऊन आलं आणि हॉलच्या अख्ख्या काचेवर केसासारखे शेकडो ओरखडे चमकले. काच टफन होती, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली. टफन करताना भट्टीत काचेचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर चिकटून राहू शकतात. ब्लेड ते उपटतं आणि सोबत ओढत नेतं. मालकांनी आवाज चढवला नाही, नुसतं बिल पुढे केलं.

तेव्हापासून आधी काचेचा कोपरा बघतो. टफन काचेवर बहुतेक वेळा शिक्का असतो. शिक्का दिसला की ब्लेड बंद. रंगाला ओलं फडकं, थोडा वेळ, लागलं तर रंग विरघळवणारं योग्य सॉल्व्हंट. साध्या काचेवर ब्लेड चालवायचंच असेल तर ते नवं हवं, काच ओली हवी आणि हात एकाच दिशेनं पुढे. मागे ओढलं की ब्लेडखालचा कण रेघ मारतो. मेट्रो किंवा शेजारच्या बांधकामाची धूळ बसलेल्या काचेवर तर कोरडा फडकासुद्धा नको, आधी पाणी ओता.

काही गोष्टी थोडक्यात. भर दुपारी तापलेल्या काचेवर लिक्विड पुसायच्या आत वाळतं, तेव्हा पश्चिमेच्या खिडक्या सकाळी घ्या. आरसा आणि देवघरातल्या तसबिरी यांवर स्प्रे थेट मारू नका, फडक्यावर मारा. आरशाच्या कडेनं पाणी आत गेलं की मागचा मुलामा काळा पडतो, तसबिरीत शिरलं की फोटो काचेला चिकटतो. फिल्म लावलेल्या काचेला अमोनियावालं लिक्विड नको. अ‍ॅक्रिलिकच्या शोकेसला अमोनिया नको आणि अल्कोहोलही नको, त्यावर बारीक तडे पडतात. आणि बाहेरच्या काचेसाठी ग्रिलवर उभं राहून वाकू नका, कामवाल्या ताईंनाही सांगू नका. त्याला दोर आणि हार्नेस बांधून काम करणारे लोक असतात.

दिवाळीच्या साफसफाईत क्रम मात्र पाळा. आधी मच्छरजाळी काढून धुवा, मग स्लायडिंगच्या रुळातली माती जुन्या टूथब्रशनं सैल करून व्हॅक्यूमनं किंवा ओल्या फडक्यानं उचला, मग चौकट आणि शेवटी काच. उलटं केलं तर जाळीचं काळं पाणी त्याच काचेवरून ओघळतं.